मुंबईच्या धबडग्यात मन सावरताना: सवयींपासून थेरपीपर्यंत, एकेक पायरी

मन सांभाळण्याचे सल्ले देणाऱ्याकडे बहुधा स्वतःची खोली असते, सकाळचा मोकळा तास असतो आणि दाराबाहेर बाग असते. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या, रात्री नऊला घरी येऊन वन आरकेत चौघांत झोपणाऱ्या माणसाने ते सल्ले वाचले, की त्याला आणखी एक काम मागे राहिल्यासारखं वाटतं. म्हणून इथे क्रम थोडा वेगळा ठेवला आहे. आधी काय होतंय ते बघायचं, मग आहे त्याच दिवसात जागा शोधायची, मग एखाददुसरी सवय लावायची. तेवढ्याने भागत नसेल तर थेरपी.

त्याआधी एक महत्त्वाचं. जीव द्यावासा वाटत असेल, तसा बेत डोक्यात घोळत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या मोठ्या पालिका रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा, आणि त्या माणसाला तोवर एकटं सोडू नका. पोलिसांची भानगड होईल म्हणून घरचे हे लपवतात. पण २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

पायरी १: दोन आठवडे नुसतं बघा

“टेन्शन आहे” या दोन शब्दांत आपण सगळं कोंबतो. झोप उडालेली असते, चिडचिड असते, छातीत धडधड असते, कशातच जीव रमत नाही. आणि या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. तेव्हा दोन आठवडे रोज रात्री तीन ओळी लिहा: किती वाजता झोप लागली आणि जाग आली, दिवसभर मन कसं होतं (शून्य ते दहा), आणि ते जास्तीत जास्त खाली केव्हा गेलं, तेव्हा काय चाललं होतं. वही कोणी वाचेल ही भीती असेल तर फोनवर पासवर्ड लावून लिहा.

दोनच आठवडे का? कारण नैराश्याची तपासणी करताना डॉक्टरही तेवढ्याच काळाबद्दल विचारतात. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली तर तज्ज्ञांशी बोलायला हवं. यातून निदान होत नाही, फक्त पुढे जायचं की नाही ते कळतं. नववा प्रश्न मात्र जीव नकोसा वाटण्याबद्दलचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज करत बसू नका, बोला.

याच काळात फॅमिली डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल किंवा अंगात रक्त कमी असेल, तर येणारी मरगळ थेट नैराश्यासारखी दिसते, आणि मग माणूस महिनोन्‌महिने स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देत राहतो.

पायरी २: जागा आणि वेळ

मुंबईत एकांत विकत घ्यावा लागतो असं म्हणतात, पण थोडा फुकट किंवा स्वस्तातही मिळतो. माटुंगा-दादरकडे फाइव्ह गार्डन्स आहेत, शिवाजी पार्कचा कट्टा आहे, बोरिवलीकरांना सकाळचं नॅशनल पार्क आहे, चर्चगेटला उतरणाऱ्यांना मरिन ड्राइव्ह. यातलं काहीच वाटेवर नसेल तर इमारतीची गच्ची, देवळाचं आवार, ऑफिसला वीस मिनिटं लवकर पोचून रिकामी असलेली मीटिंग रूम. दिवसातून वीस मिनिटं जिथे कोणी हाक मारणार नाही अशी एक जागा ठरवा आणि घरी तसं सांगून टाका. स्वयंपाकघर आणि मुलांचा अभ्यास यांत अडकलेल्या बाईला ही वीस मिनिटं मागताना अपराधी वाटतं. तरी मागावीत. नवऱ्याला रविवारी क्रिकेट खेळायला जाताना तसं वाटत नाही.

वेळ नवा काढू नका. आहे त्या कामाला जोडा: स्टेशनवरून घरी येतानाचा रस्ता, सकाळचा चहा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची मिनिटं.

पायरी ३: झोप

एकाच सवयीवर जोर द्यायचा असेल तर झोपेवर द्या. बाकीच्या सवयींना लागणारं बळ तिथूनच येतं.

मोठ्या माणसाला साधारण सात तास तरी झोप लागते. ज्याला पाचला उठून डबा करायचा आहे आणि घरातला टीव्ही साडेअकराला बंद होतो, त्याला ती मिळणं गणितातच बसत नाही. तिथे श्वासाचे व्यायाम करून उपयोग नाही. घरात बसून टीव्हीची वेळ ठरवावी लागेल. ते बोलणं अवघड असतं. पण बऱ्याच घरांत मनाच्या तक्रारींवरचा पहिला उपाय हाच निघतो.

उठायची वेळ पक्की ठेवा, रविवारीसुद्धा फार तर तासाभराने पुढेमागे. झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, उठणं असतं. शेवटचा चहा चार-साडेचारला. कॅफीनचं अंगातलं प्रमाण अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन अकराला अंगात असतं. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते.

आता लोकलमधली डुलकी. सकाळी खिडकीत मिळालेली वीस मिनिटांची डुलकी चांगलीच. संध्याकाळी साडेसातच्या गाडीत तासभर लागलेली गाढ झोप मात्र रात्रीच्या झोपेतून वजा होते, आणि मग बारा वाजता छताकडे बघत “मला झोपच येत नाही” असं वाटतं. परतताना झोपू नका. उभं राहावं लागलं तर उलट बरंच.

अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. कमी उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका. एका खोलीत सगळे झोपलेले असताना उठून कुठे जाणार? ओट्याजवळच्या स्टुलावर, पॅसेजमध्ये, खिडकीत. अंथरूण आणि तळमळ यांची मेंदूने घातलेली सांगड सोडवायची आहे, बाकी काही नाही. निद्रानाशावरच्या वर्तनोपचारातला हा मुख्य भाग आहे. पहिले काही दिवस झोप आणखी कमी होते, हे माहीत असलं की मधेच सोडावंसं वाटत नाही. फिट्स येत असतील किंवा बायपोलरचा (मन कधी अति उत्साही, कधी अति उदास होण्याचा) त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोप कमी करू नका.

डोक्यात उद्याच्या कामांची रांग लागत असेल तर संध्याकाळी पंधरा मिनिटं चिंतेसाठी राखून ठेवा. जे सतावतंय ते लिहायचं, समोर उद्याचं एक पाऊल लिहायचं. रात्री तीच चिंता आली की तिला उद्याच्या त्या पंधरा मिनिटांवर ढकलायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण करून बघा.

पायरी ४: मन लागण्याची वाट न बघता हालचाल

“मन लागलं की करू” हे वाक्य उदास माणसाला सर्वात महाग पडतं. बरं वाटत नाही म्हणून तो बाहेर पडत नाही, मित्रांचा फोन उचलत नाही, पेटी वाजवत नाही. आणि त्यामुळे बरं वाटण्याच्या जागाच संपतात. हे चक्र उलट बाजूने फिरवावं लागतं: आधी कृती, मूड मागाहून. मानसशास्त्रात याला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा आहे, आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात ती एकटीही चांगली चालते.

दोन प्रकारच्या कामांची यादी करा. एक, ज्यात थोडी मजा आहे. दुसरी, जी झाली की “चला, एक उरकलं” असं वाटतं. प्रत्येक काम इतकं छोटं करा की नाही म्हणायला लाज वाटावी. घर आवरणं नव्हे, फक्त टेबल. मित्राला भेटणं नव्हे, त्याला एक व्हॉइस मेसेज. रोज प्रत्येक यादीतलं एकेक, ठरल्या वेळी, मन असो वा नसो. करण्याआधी आणि केल्यानंतर मनाला दहापैकी गुण द्या. चारावरून पाचावर गेलं तरी तो पुरावा आहे, कारण उदासपणात मेंदू ठासून सांगत असतो की कशाचाच काही उपयोग नाही.

चालण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, जरा दम लागेल असं. रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी स्टेशनहून पायी आलात तर अनेकांचे हे हिशेब तिथेच पुरे होतात. जून ते सप्टेंबर चालणं बंद पडतं आणि पुन्हा सुरूच होत नाही. त्यासाठी पावसाळी पर्याय आधीच ठरवा: इमारतीचे जिने, पोडियम, किंवा घरातच सूर्यनमस्कार.

माणसांच्या बाबतीत मुंबईला एक सोय आहे, ती म्हणजे गाडीतला ग्रुप. डब्यात भजन म्हणणारी मंडळी असोत की लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या मैत्रिणी, रोज तेच चेहरे भेटतात आणि कोणी दोन दिवस दिसलं नाही तर फोन येतो. वर्क फ्रॉम होममुळे ज्यांचं हे तुटलं त्यांना काय गेलं ते उशिरा कळलं. त्यांनी आठवड्यातून एकदा तरी ठरल्या वेळी भेटणारं काहीतरी पकडावं: वाचनालय, ट्रेकचा ग्रुप, ढोलताशा पथक, सोसायटीतलं कॅरम.

पायरी ५: गर्दीत अचानक घाबरायला झालं तर

दादर-कुर्ल्यादरम्यान गाडी थांबते, हवा लागत नाही, एकदम छातीत धडधड, हातांना मुंग्या, आता आपण मरणार असं वाटतं. असं पहिल्यांदाच झालं असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. हृदयाचं काही नाही हे तपासूनच ठरवायचं. तपासून झालं आणि तरी असे झटके येत असतील, तर तो बहुधा पॅनिक अटॅक. तो साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचतो आणि मग ओसरतो. भयंकर वाटतो, पण त्याने जीव जात नाही.

तेव्हा दीर्घ श्वास घेऊ नका. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा ओढत असतो, मुंग्या त्यानेच येतात. नाकाने बेताचा श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ सोडा: आत चार मोजेपर्यंत, बाहेर आठपर्यंत. पाय जमिनीवर दाबा. समोरच्या पाच गोष्टींची नावं मनात घ्या: हँडल, जाहिरात, निळी छत्री. हवेसाठी दारात लटकायला मात्र जाऊ नका.

खरी चूक नंतर होते. पुढच्या स्टेशनला उतरून घरी गेलं की भीतीला वाटतं, वाचलो ते उतरल्यामुळे. दुसऱ्या दिवशी फास्ट बंद, महिन्याभरात गाडीच बंद. उतरावंच लागलं तर उतरा, फलाटावर बसा, पाणी प्या, पण पुढची गाडी त्याच दिशेची पकडा.

पायरी ६: विचार कागदावर तपासणं

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी माणसाला तशी परकी नाही. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली आणि ठाण्यात १९९० साली मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था उभी करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती भाषणांतून, लेखांतून घराघरांत नेली. तिचा गाभा एवढाच: घटना आपल्याला जेवढा त्रास देते त्याहून जास्त त्रास त्या घटनेबद्दल आपण धरलेला हट्ट देतो.

समजा, मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर चूक काढली. दोन दिवस झोप नाही, डबा एकट्याने खाता. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात घटना, कॅमेऱ्याला दिसेल एवढीच: “साहेब म्हणाले, आकडा चुकलाय.” तिसऱ्यात परिणाम: लाज, झोप नाही, लोकांना टाळणं. मधला रकाना रिकामा ठेवा आणि त्यात शोधून लिहा, की मी स्वतःशी काय बोललो? “माझी चूक होताच कामा नये. आता सगळे मला बिनकामाचा समजणार. हे मला सहनच होणार नाही.” आता प्रत्येक वाक्याला विचारा: असा नियम कुठे लिहिलाय? सगळे म्हणजे कोण? सहन होणार नाही म्हणता, मग गेले दोन दिवस काय करताय?

यातून निघणारं नवं वाक्य गोडगोड नसावं. “झालं ते चांगल्यासाठीच” हे खोटं आहे आणि मनाला ते कळतं. “चूक माझी होती, सगळ्यांसमोर बोलले ते आवडलं नाही, वाईट वाटलं. पण एका आकड्यावरून माझी किंमत ठरत नाही. उद्या केबिनमध्ये जाऊन बोलतो.” वाईट वाटणं शिल्लक राहतं, ते राहूच द्या. खचणं तेवढं जातं.

आणि एक इशारा. साहेब खरोखरच रोज अपमान करत असतील, घरात मारहाण होत असेल, तर आधी परिस्थिती बदलायची. विचार तपासून मार खाणं सोपं करून घ्यायचं नसतं.

पायरी ७: थेरपीकडे कधी आणि कोणाकडे

वरचं सगळं महिनाभर प्रामाणिकपणे करूनही मनाला दिलेले गुण हलत नसतील, काम-जेवण-नाती यांवर परिणाम होत असेल, तर थेरपी. भास होणं, दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटणं, टोकाचा संशय, जीव देण्याचे विचार यांत महिनाभर थांबू नका, सरळ मनोविकारतज्ज्ञ.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर: एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रातलं एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले. ते औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. समुपदेशक या पाटीखाली उत्तम प्रशिक्षित माणसंही असतात आणि पंधरा दिवसांचा कोर्स केलेलेही. पदवी, किती वर्षं काम केलं आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे तिन्ही विचारा. “तीन सेशनमध्ये नैराश्य गायब” अशी हमी देणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

खर्च. खासगीत मुंबईत एका सेशनला बहुधा हजार ते तीन हजार रुपये जातात, आठवड्याला एक धरला तर महिन्याचं बजेट हलतं. काही थेरपिस्ट ऐपतीप्रमाणे फी कमी करतात, पण ते विचारल्यावरच सांगतात. तुमच्या कंपनीत कर्मचारी सहाय्य योजना आहे का ते एचआरच्या पोर्टलवर बघा. काही सेशन मोफत मिळतात. विम्याबाबत २०१७ चाच कायदा सांगतो की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमाछत्र हवं. मात्र बऱ्याच पॉलिसी ओपीडीचा खर्च मुळातच देत नाहीत, त्यामुळे कागद नीट वाचा.

पैशाची अडचण असेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन आणि जुहूचं कूपर या पालिका रुग्णालयांत आणि भायखळ्याच्या सरकारी जे.जे.मध्ये मनोविकार विभाग आहे. ठाणे-कल्याणकरांना ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचं. नावाने दचकू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, जुने रिपोर्ट आणि दोन आठवड्यांची नोंद सोबत ठेवा. रांग मोठी असते, डॉक्टर तरुण निवासी असतील आणि वेळ थोडा मिळेल. म्हणून तुमच्या तीन मुख्य तक्रारी आधीच लिहून न्या आणि थेरपीसाठी सायकॉलॉजिस्टकडे पाठवता का, हे स्वतःहून विचारा.

ऑनलाइन थेरपीने प्रवास वाचतो, पण वन आरकेत सासूबाई पलीकडच्या दिवाणावर असताना सासूबाईंबद्दल कसं बोलणार? शक्य असेल तर अशांनी प्रत्यक्षच जावं. नाहीतर उभी केलेली गाडी, मैत्रिणीचं दिवसा रिकामं असणारं घर, गच्ची, नाहीतर मैदानाला फेऱ्या मारत फोनवर. पहिल्याच सेशनला थेरपिस्टला सांगा की इथे मोकळं बोलता येत नाही; ते मग तुम्हाला हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतात.

पहिली भेट पंचेचाळीस-पन्नास मिनिटांची, बरीचशी माहिती घेण्यात जाते. त्यानंतर उलट जास्त थकल्यासारखं वाटू शकतं, तेव्हा त्या दिवशी लगेच ऑफिस ठेवू नका. बोललेलं गुप्त राहतं. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणं हा मुख्य अपवाद. तीन-चार सेशननंतर विचारा: आपण नेमकं कशावर काम करतोय, आणि बरं वाटायला लागलंय हे कशावरून ओळखायचं? स्पष्ट उत्तर मिळत नसेल, सेशनभर उपदेशच मिळत असेल, जात-धर्म-लग्न यांवरून तुम्हाला तोललं जात असेल, तर थेरपिस्ट बदला. त्यांना वाईट वाटेल म्हणून जात राहणारे बरेच आहेत.

गोळ्यांबद्दल थोडं

“एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत” हे सगळ्या गोळ्यांना एकत्र लावलं जातं. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ किंवा अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यातच येते, आणि लोक तिथेच सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं. झोपेच्या किंवा घबराटीच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय खरोखर लागते, तेव्हा शेजारच्या काकूंच्या डब्यातली अर्धी गोळी कधीच नाही. दोन्ही प्रकार मनाने एकदम बंद करायचे नाहीत. बरं वाटू लागल्यावर बंद करण्याचा मोह सर्वात जास्त होतो. पहिल्या नैराश्यात डॉक्टर बहुधा बरं वाटल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात.

घरच्यांसाठी, आणि थेरपी संपवताना

घरच्यांनी “मन रमव”, “आमच्या वेळी नव्हतं असलं काही” ही वाक्यं गिळावीत. “उद्या केईएमला मी येतो बरोबर, केसपेपरच्या रांगेत मी उभा राहतो” हे दहा सल्ल्यांपेक्षा कामाचं. थेरपीत काय बोलणं झालं ते खोदून विचारू नका. गोळीची आठवण करायची का, हे गोळी घेणाऱ्या व्यक्तीलाच विचारा.

थेरपी अचानक सोडू नका. आधी आठवड्याऐवजी पंधरवड्याला, मग महिन्याला. शेवटच्या भेटीत थेरपिस्टबरोबर बसून एक पान लिहून घ्या: माझं बिनसायला लागलं की सगळ्यात आधी काय होतं (झोप? फोन न उचलणं? आंघोळीचा कंटाळा?), तेव्हा मी कुठल्या दोन गोष्टी करायच्या, आणि किती दिवसांत फरक नाही पडला तर कोणाला फोन करायचा. त्या पानाचा फोटो घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, कारण पहिली लक्षणं पुष्कळदा त्यालाच आधी दिसतात.